पदरावरून पडद्यावर

पैठणीचा पदर सुरतेच्या जरीवाचून सजत नसे. रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून सोन्याचा मुलामा दिलेली, ती खरी जर. २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तोवर तांब्याची, प्लॅस्टिकची जर रुळली होती. सुरतेच्याच कृत्रिम धाग्याच्या साड्या स्वस्त झाल्या होत्या. नेसण्याची तऱ्हा पालटली की पाठोपाठ पडदे नि सोफ्याच्या खोळीही पालटतात, हे आम्ही येथे पाहत आलो.

आमच्या आजीची जरीची लुगडी मात्र चांदीसाठी जाळली गेली. (असे कितीक घरी झाले!) उरल्या एका पदराचे अभ्रे शिवावेत, असे सूनबाईंनी सुचविले. आम्ही दोन महिने टाळले. अखेर कात्री आम्हीच लावली. काठ तेवढा ट्रंकेत ठेवला आहे.