खोक्यावरचे नाव आणि आतला भरवसा

आमच्या ओळखीचे एक कारखानदार आहेत. कारखान्यात दीडशे माणसे. पगारपत्रक, कच्च्या मालाच्या नोंदी, गिऱ्हाइकांची बिले हे सारे एकाच सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना माहिती पुरवण्यासाठी रात्रंदिवस चालू ठेवलेला संगणक. एका महिनाअखेरीला तो बंद पडला आणि कामगारांचा पगार पाच दिवस लांबला. नवा घेण्याआधी ते आमच्याकडे आले. म्हणाले, "सर, बाकी काही सांगू नका. रॅकमध्ये बसणारा सर्व्हर घ्यायचाय. भरवशाच्या कंपनीचं नुसतं नाव सांगा."

आम्हाला नाव सांगता आले नाही. आम्ही उत्तर टाळतो आहोत असे त्यांना वाटले असावे. पण हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे आणि त्याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना प्रश्नच बदलावा लागला. तो इतिहास शाळेत सांगण्यासारखा आहे, कारण त्यात वापरलेले गणित दहावी-बारावीच्या संभाव्यतेच्या धड्यापलीकडचे नाही.

अठरा हजार नळ्या

फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे 'एनिॲक' हा संगणक जाहीरपणे दाखवण्यात आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. जुन्या रेडिओत असत तशाच या नळ्या. आता एक हिशेब करू. एक नळी सरासरी ५,००० तास टिकते असे धरले, तर अठरा हजार नळ्यांच्या यंत्रात दर सतरा मिनिटांना एक नळी जाईल. एक नळी गेली की उत्तर चुकण्याचा धोका. असे यंत्र चालणारच नाही, अशी शंका तेव्हा अनेक जाणकारांना होती.

मुख्य अभियंता प्रेस्पर एकर्ट यांनी नळ्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा बऱ्याच कमी दाबावर व कमी प्रवाहावर चालवल्या. यंत्राचे अनेक भाग असे केले की ते उपसून काढून दुसरे बसवता येत. बहुतेक नळ्या यंत्र सुरू किंवा बंद करताना, म्हणजे तापताना किंवा निवताना जात, हे लक्षात आल्यावर यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही असे ठरले. पुढे नळी जाण्याचे प्रमाण साधारण दोन दिवसांत एक इतके खाली आले. नळ्या बाजारातल्याच होत्या. त्या वापरण्याची पद्धत बदलली होती.

जानेवारी १९५२ मध्ये गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी कॅलिफोर्नियात दिलेल्या व्याख्यानांत याच्या पुढचा प्रश्न घेतला: भाग बेभरवशाचे असतील, तर त्यांपासून भरवशाचे यंत्र बनवता येईल का? त्यांचे उत्तर होते, येईल. एकच काम अनेक भागांना द्यावे आणि बहुमत घ्यावे. समजा, एक भाग शंभरात एकदा चुकतो. असे तीन भाग घेतले, तर निदान दोघे एकाच वेळी चुकण्याची संभाव्यता ३ × (०.०१)² × ०.९९ + (०.०१)³, म्हणजे सुमारे ०.०००३ येते. शंभरात एक ही चूक दहा हजारांत तीनवर आली. मते मोजणारा भागही चुकू शकतो, हेही फॉन नॉयमन यांनी विचारात घेतले होते.

'बंद का पडले?' याची मोजदाद

ही कल्पना बाजारात आणणाऱ्यांपैकी एक म्हणजे १९७४ मध्ये स्थापन झालेली टँडेम कंपनी. तिच्या 'नॉनस्टॉप' यंत्रात प्रक्रियक आणि डिस्क जोडीने असत, एक गेला की दुसरा काम उचलत असे. पहिले यंत्र १९७६ मध्ये एका बँकेला मिळाले.

टँडेममधील शास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये, संगणक का बंद पडतात, याचा अहवाल लिहिला. जोडभाग असूनही काही यंत्रे बंद पडत होतीच. ग्रे यांनी कारणे मोजली. सुमारे ४२ टक्के वेळा कारण होते यंत्राची देखभाल, हाताळणी आणि मांडणी करताना झालेली माणसाची चूक. २५ टक्के वेळा सॉफ्टवेअर, १४ टक्के वेळा वीज वगैरे परिसरातील बिघाड. यंत्रातला भाग नादुरुस्त झाला म्हणून सारे थांबले, असे सुमारे १८ टक्केच. खरेदीदार ज्या गोष्टीची सर्वांत जास्त चौकशी करतो, ती पाचांतल्या एकाच बिघाडाला कारण होती.

टँडेम हे नाव पुढे टिकले नाही. कंपनी १९९७ मध्ये कॉम्पॅकने घेतली, कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत विलीन झाली आणि २०१५ मध्ये एचपीचेही दोन भाग झाले. नॉनस्टॉप यंत्रांच्या वंशावर तीनदा नवी पाटी लागली. आयबीएमनेही आपला साध्या सर्व्हरचा बराचसा व्यवसाय २०१४ मध्ये लेनोवोला विकला. याउलट ज्या सांगाड्यात हे सर्व्हर बसवतात, त्या रॅकची १९ इंच रुंदी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील टेलिफोन केंद्रांपासून चालत आली आहे. त्यातला एक मजला पावणेदोन इंच उंचीचा. कोणत्याही कंपनीचा खोका त्यात बसतो, एक काढून दुसरा सरकवता येतो.

चौदा शे नव्हे, एकशे चौदा वर्षे!

डिस्कच्या माहितीपत्रकात 'सरासरी आयुष्य १० लाख तास' असे छापलेले असते. वर्षाचे तास ८,७६०. भागाकार केला तर ११४ वर्षे! एकही डिस्क इतकी वर्षे कोणी चालवलेली नाही. अनेक डिस्क थोडा काळ चालवून हा आकडा काढतात. त्याचा अर्थ इतकाच की वर्षाला शंभरातली एखादीच डिस्क जावी. २००७ मध्ये बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी प्रत्यक्ष वापरातील सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. दरवर्षी २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणे सर्रास होते, आणि काही ठिकाणी तर हे प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत गेले होते.

त्याच वर्षी गूगलच्या तीन संशोधकांनीही एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क जाण्याचे प्रमाण निर्माता, मॉडेल आणि उत्पादनाचा काळ यांवर खूप अवलंबून असते, हे त्यांनी मान्य केले. पण कोणत्या कंपनीचे प्रमाण किती, हे व्यावसायिक गोपनीयतेमुळे छापले नाही. म्हणजे आमच्या कारखानदारांच्या प्रश्नाला उत्तर होते, पण ते ज्याच्याकडे लाखभर डिस्क आहेत त्याच्याकडे, आणि कुलुपात. पुढे बॅकब्लेझ या कंपनीने २०१४ पासून आपल्याकडील डिस्कचे आकडे मॉडेलवार जाहीर करायला सुरुवात केली. त्यांत एकाच कंपनीचे एक मॉडेल फार लवकर जाणारे आणि दुसरे चांगले टिकणारे आढळले. नाव एक, वर्तन दोन.

गूगलने स्वतःसाठी काढलेला मार्ग वेगळा होता. १९९९ मधील तिचा एक रॅक आज संगणक इतिहासाच्या संग्रहालयात आहे. त्यात स्वस्त मदरबोर्ड खोक्याशिवाय, बुचाच्या पातळ थरावर ओळीने मांडलेले दिसतात. यंत्रे जाणारच हे धरून माहितीच्या प्रती अनेक यंत्रांवर ठेवलेल्या असत.

फाशांचा प्रयोग

हे वर्गात करून पाहता येते. तीस विद्यार्थी घ्या, प्रत्येकाकडे एक फासा. कोणालाही सहा पडला की यंत्र बंद. यंत्र वाचण्याची संभाव्यता (५/६)³⁰, म्हणजे हजारात जेमतेम चार. आता पंधरा जोड्या करा. जोडीतील दोघांनाही सहा पडला तरच यंत्र बंद. ही संभाव्यता (३५/३६)¹⁵, म्हणजे सुमारे ०.६५. फासे तेच, विद्यार्थी तेच, फक्त मांडणी बदलली.

तिसऱ्यांदा प्रत्येक जोडीला मिळून एकच फासा द्या. संभाव्यता (५/६)¹⁵, म्हणजे ०.०६५ वर घसरते. जोडी दिसायला जोडीच आहे, पण दोघांचे नशीब एकाच फाशाला बांधलेले आहे. संभाव्यतांचा गुणाकार करताना घटना स्वतंत्र असाव्यात, ही अट आपण फळ्यावर लिहितो आणि विसरतो. आम्हीही विसरलो होतो. आमच्या प्रयोगशाळेतील सर्व्हरला दोन वीजपुरवठे होते, आणि दोघांच्या वायरी आम्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खुपसल्या होत्या. बोर्ड जळाला तेव्हा ते कळले.

कारखानदारांना काय सांगितले

मोठ्या कंपन्यांसारखी हजारो यंत्रे लहान उद्योगाकडे नसतात. त्यामुळे त्याने कंपनीचा विचार करूच नये, असे नाही. मात्र कंपनीकडून नावाऐवजी काही लेखी उत्तरे घ्यावीत. सुटा भाग आपल्या गावी किती तासांत मिळेल? किती वर्षे मिळत राहील? स्मृतीतील चूक ओळखून सुधारणारी सोय आहे का? यंत्र चालू असताना डिस्क व वीजपुरवठा बदलता येतो का? मग काही प्रश्न स्वतःला विचारावेत. दोन वीजपुरवठे दोन वेगळ्या वाटांवर आहेत का? माहितीची प्रत दुसऱ्या इमारतीत आहे का? आणि त्या प्रतीवरून सारे पुन्हा उभे करून पाहिले आहे का?

शेवटच्या प्रश्नावर ते थबकले. प्रत रोज रात्री निघत होती, पण ती उघडून कोणी पाहिली नव्हती. नवा सर्व्हर येण्याआधी एका रविवारी त्यांच्या माणसांनी प्रत एका जुन्या संगणकावर उतरवून पाहिली. बिले आली, मालाच्या नोंदी आल्या. पगारपत्रक चार महिन्यांपूर्वीचे निघाले. मध्यंतरी कोणीतरी ती फाइल दुसऱ्या जागी हलवली होती. ग्रे यांनी मोजलेल्या ४२ टक्क्यांतलीच ही चूक होती, पण या वेळी ती पगाराच्या दिवसाआधी सापडली.