आगगाडीतली शिदोरी आणि वळकटी

वसमतहून पूर्णेला जाणाऱ्या माणसाला गाडीत झोपायची वेळ येत नाही. पेंग येते न येते तोच उतरायचे स्टेशन येते. पण पूर्णेच्या पुढे मुलूख अफाट आहे. हैदराबाद घ्या, मुंबई घ्या, काशी घ्या. कुठेही निघालात तरी एक-दोन रात्री गाडीतच काढाव्या लागतात. मग दोन प्रश्न उभे राहतात. खायचे काय आणि पाठ टेकायची कुठे? आगगाडीचा इतिहास म्हटला की आपण मुलांना १६ एप्रिल १८५३ ही तारीख आणि बोरीबंदर ते ठाणे एवढे पाठ करायला लावतो. या दोन साध्या प्रश्नांचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. तो आज पाहू.

मराठवाड्यात आगगाडी आली ती निजामाच्या राजवटीत. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत सिकंदराबादेला जाणारा मीटर गेजचा रस्ता १९०० च्या सुमारास तयार झाला. पुढे १९१२ साली पूर्णेपासून हिंगोलीपर्यंत फाटा निघाला. त्याच फाट्यावर आपले वसमत. (रेल्वे मात्र त्याला 'बसमत' म्हणते. पाटीवर चढलेले नाव उतरवणे कठीण!) हिंगोलीला रूळ संपत. अकोला आणि खांडव्याकडची जोड मिळायला १९६० च्या आसपासचा काळ उजाडला. मग याच वाटेने जयपूर आणि काचीगुड्याच्या दरम्यान मीनाक्षी एक्सप्रेस धावू लागली, आणि फाट्यावरचे गाव राजस्थानच्या वाटेवर आले.

मीटर गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर एक मीटर, सव्वातीन फुटांहून थोडे जास्त. मुंबईकडच्या मोठ्या रुळांत ते साडेपाच फूट असते. म्हणून आपल्या माणसाला मुंबईला जायचे तर मनमाडला बोचकी, पोरेबाळे, तांब्या सगळे उतरवून दुसऱ्या गाडीत चढावे लागे. १९९० नंतरच्या दशकात मनमाडकडून रूळ रुंद होत आले, तेव्हा ही उतरचढ संपली.

आता खाण्याचे. सुरुवातीच्या काळात गाडीत स्वयंपाक नव्हताच. ठरलेल्या स्टेशनावर गाडी थांबे, साहेबलोक उतरून उपाहारगृहात टेबलाशी बसत आणि जेवण आटोपून पुन्हा डब्यात चढत. पुढे चालत्या गाडीत भोजनाचे डबे आले. १ जून १९३० ला मुंबई-पुणे दख्खनची राणी सुरू झाली, तिलाही असा डबा होता. प्रवास अवघ्या काही तासांचा, पण थाट पाहा! त्या गाडीत तिसऱ्या वर्गाला प्रवेश मिळाला तो १९५५ साली.

तिसऱ्या वर्गाचा उतारू आपली शिदोरी घेऊनच निघे. तुमच्या-आमच्या घरची शिदोरी काय असते, हे मी सांगायला नको. दुधात भिजवलेली दशमी दोन दिवस मऊ राहते. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची फोड, फडक्यात बांधलेला कांदा. आणि पाण्याला फिरकीचा तांब्या, म्हणजे गाडी कितीही हिंदकळली तरी थेंब सांडत नाही. माझ्या मते त्या वेळचे हे प्रवासी जेवण चांदीच्या काट्याचमच्यांपेक्षा कमी शहाणपणाचे नव्हते. ते नासत नाही, सांडत नाही आणि पैसे पडत नाहीत.

पाण्याची गोष्ट मात्र कडू आहे. इंग्रजी अमलात स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे ठेवलेले असे. एकाच डब्यात खांद्याला खांदा घासून बसलेली माणसे तहान लागली की दोन घागरींकडे जात. ज्यांना गावच्या पाणवठ्यावरही हात लावू देत नव्हते, त्यांचे हाल या दोन घागरींनी मिटले नसणार, हे उघड आहे.

झोपेचा प्रश्न याहून बिकट. अमेरिकेत जॉर्ज पुलमन याने १८६० नंतरच्या दशकात झोपायचे डबे बांधून नाव कमावले. आपल्याकडे वरच्या वर्गात लांब गादीदार बाके असत. रात्री त्यावरच आपली वळकटी पसरायची. साहेबाच्या नोकरासाठी शेजारी निराळा लहान डबाही असे. तिसऱ्या वर्गाला काय? १९१७ च्या सप्टेंबरात गांधीजी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने गेले. तिकीट तेरा रुपये नऊ आण्यांचे. डबा बावीस जणांचा, पण बराच वेळ आत पस्तीसजण कोंबलेले. दोन रात्रींचा प्रवास, आणि आडवे व्हायला फळी नाही. काही माणसे जमिनीवरच्या घाणीत पडली, काही उभीच राहिली. हे सारे त्यांनी लिहून वृत्तपत्रांकडे पाठवले. स्टेशनावरच्या चहाबद्दल त्यांनी जे लिहिले, ते वाचल्यावर चहा नकोसा होतो.

स्वातंत्र्यानंतर तिसऱ्या वर्गाला झोपायच्या फळ्या मिळू लागल्या. एकावर एक तीन. मधली फळी दिवसा साखळी सोडून खाली पाडायची, म्हणजे तीच खालच्या बाकाला टेकू होते; रात्री पुन्हा वर अडकवायची. थोडी जागा आणि पुष्कळ माणसे, हे गणित ज्याने सोडवले त्याला शाबासकी दिली पाहिजे. या रचनेने एका डब्यात ७२ माणसे निजू लागली. १९७४ मध्ये 'तिसरा वर्ग' हे नावही गेले, त्याचा दुसरा वर्ग झाला. फळी मात्र लाकडाचीच राहिली. वाकळ घातली तरी रात्रभर रुळांचा प्रत्येक सांधा बरगड्यांना कळे.

इथे एका मराठी माणसाचे नाव घेतलेच पाहिजे. प्रा. मधु दंडवते हे अहमदनगरचे. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवत. १९७७ साली ते रेल्वेमंत्री झाले, आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या फळ्यांवर दोन इंचांची फोमची गादी बसवली. पहिला वर्ग खाली खेचायचा नाही, दुसरा वर आणायचा, अशी त्यांची भूमिका होती. २६ डिसेंबर १९७७ ला मुंबईहून हावड्याला गीतांजली एक्सप्रेस निघाली. तिला वरचा वर्गच नव्हता, सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे. गुरुजींनी वर्गात पट्टीवर दोन इंच मोजून दाखवावेत. मंत्रीपद गेल्यावरही त्या गाद्या राहिल्या, आणि पुढे कोट्यवधी माणसे त्यांवर निजली.

मधल्या फळीवरून भांडणे होतात ती वेगळीच. खालच्याला बसायचे असते, मधल्याला निजायचे असते. २०१७ साली रेल्वेने झोपेची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा अशी ठरवून दिली. त्याआधी ती नऊपासून होती.

२००८ मध्ये पूर्णा-अकोला रूळ रुंद झाले. आता वसमतवरून अमरावती-तिरुपतीसारख्या लांबच्या गाड्या जातात आणि तिरुपतीचा यात्रेकरू गावातूनच बिछाना गाठतो. अमृतसरला जायचे असेल तर मात्र नांदेडची सचखंड एक्सप्रेस धरावी लागते. त्या गाडीत जेवणाला पैसे द्यावेच लागतात असे नाही. परभणी, जालना, भोपाळ, दिल्ली अशा स्टेशनांवर शीख सेवेकरी कित्येक वर्षांपासून लंगर घेऊन उभे असतात. उतारू आपापली ताटे-डबे घेऊन खिडकीशी, दाराशी येतात. कधी कढी-भात, कधी छोले, कधी खिचडी. कोण कुठला, कोणत्या जातीचा, कोणत्या वर्गाच्या डब्यातला, हे तिथे विचारत नाहीत. जाणार असाल तर घरून एक ताट बरोबर घ्या.