कर्णा, मायक्रोफोन आणि उरलेला आवाज

गोंदिया जिल्ह्यांतील चोरखमारा हें नागझिऱ्याच्या जंगलालगतचें, तलावाच्या कांठचें गांव. झाडीपट्टीच्या या मुलखांत दंडारीचा सूर मोकळ्या हवेंत चढतो. तो मुद्रित करावयाचा झाला, तर मायक्रोफोन कोणता घ्यावा ? उत्तर देण्यापूर्वी थोडा इतिहास पाहणें उचित होईल.

१९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास ध्वनिमुद्रणासाठीं आला, तेव्हां मायक्रोफोनचा उपयोग नव्हताच. गायकानें भल्यामोठ्या कर्ण्याशीं तोंड नेऊन गावें. केवळ त्या आवाजाच्या जोरानें पडदा हाले आणि सुई मेणावर रेघ कोरी. बुलंद आवाज ठळक उमटे, तंबोऱ्याची आस मात्र बहुधा हरपे. कोणाचें गाणें टिकावें, हें जणू यंत्रच ठरवीत होतें.

१९२५ सालीं ध्वनिमुद्रणांत वीज आली. अमेरिकेंतील वेंटे यानें १९१६ च्या सुमारास सिद्ध केलेला कंडेन्सर मायक्रोफोन नाजूक स्वरही टिपूं लागला. खांसाहेब अब्दुल करीमखां यांच्या आरंभींच्या तबकड्या कर्ण्याच्या काळांतल्या, तर उत्तरायुष्यांतल्या मायक्रोफोनच्या. त्यांच्या बारीक, आर्जवी आवाजाची ओळख पुढील पिढ्यांना झाली ती मुख्यतः या दुसऱ्या तबकड्यांवरून. भास्करबुवा बखले मात्र १९२२ सालींच निवर्तले. त्यांचें गाणें आज केवळ आठवणींतून व शिष्यपरंपरेंतून उरलें आहे.

१९३० नंतर रिबन मायक्रोफोन प्रचारांत आला. त्यांत चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्यें धातूची अतिशय पातळ पट्टी असते. तो पुढून व मागून ऐकतो, बाजूंनीं जवळजवळ बहिरा असतो. त्यामुळें गायकास समोर आणि तबल्यास किंचित् बाजूस बसवून दोघांचें प्रमाण राखतां येतें. परंतु वाऱ्याचा झोत त्या पट्टीस सोसत नाहीं. तारेच्या वेटोळ्याचा मायक्रोफोन तितका हळवा नाहीं. तो धक्के आणि मोठा आवाज सहन करतो.

तेव्हां तलावाकांठच्या दंडारीस वेटोळ्याचाच मायक्रोफोन बरा, आणि त्यावर वारा अडविणारें आच्छादन हवें. शांत, बंद खोलींत नाजूक गळा किंवा सतार असेल, तर कंडेन्सर शोभेल. महागडें यंत्र सर्वत्र चांगलेंच, असें मुळींच नाहीं. आधीं आवाज व जागा ओळखावी, मग यंत्र निवडावें. कारण मायक्रोफोनला जें ऐकूं आलें नाहीं, तें पुढच्या पिढीलाही ऐकूं येणार नाहीं.