कायद्याने शोध थांबतो का? शिशाच्या पेट्रोलचा इतिहास काय सांगतो

पर्यावरणाचे नियम कडक केले की उद्योग बुडतात, रोजगार जातो आणि नवे तंत्रज्ञान येत नाही, हा युक्तिवाद आपण नेहमी ऐकतो. तो करणारे त्याला 'अर्थशास्त्र' म्हणतात. अर्थशास्त्राचे नाव घेतले की आपले अनेक कार्यकर्ते गप्प बसतात. आम्हाला वाटते, गप्प बसण्याचे काहीच कारण नाही. इतिहास उघडून पाहिला की हा युक्तिवाद किती पोकळ आहे ते दिसते.

उदाहरण अमेरिकेचे घेऊ. डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना आढळले की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग अगदी थोडे मिसळले तर इंजिनाचे नॉकिंग थांबते. अल्कोहोल मिसळूनही हे साधते, हे कंपनीला माहीत होते. पण अल्कोहोल कुणीही बनवू शकतो, शिशाच्या मिश्रणाचे पेटंट मात्र आपल्या हातात ठेवता येते. शिसे विषारी आहे हे तेव्हा नवीन नव्हते. तरी १९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून कंपनी काढली आणि मालाला नाव दिले 'एथिल'. नावात शिसे कुठेच नाही!

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतील बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार तडफडून मेले. १९२५ साली सरकारने परिषद बोलावली. औद्योगिक आजारांच्या तज्ज्ञ डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी धोका स्पष्ट सांगितला. पण पुढच्या वर्षी सरकारी समितीने बंदी घालण्याइतका पुरावा नाही असे ठरवले. विष निर्दोष आहे हे कंपनीने सिद्ध करायचे नाही, ते मारते हे मरणाऱ्यांनी सिद्ध करायचे, असा हा न्याय! पुढची जवळपास पन्नास वर्षे हे शिसे गाड्यांच्या धुरातून लोकांच्या श्वासात जात राहिले.

इथे लक्षात घ्या, शोध लागला नाही असे नव्हते. शोध लागला होता, पण त्याची दिशा नफ्याने ठरवली होती. नुकसानीचा खर्च कंपनीच्या वहीत लिहिलाच जात नव्हता, तो लोकांच्या रक्तात लिहिला जात होता. अर्थशास्त्रात याला 'बाह्य खर्च' म्हणतात. ज्याचा खर्च दुसरा भरतो, ती गोष्ट माणूस बदलत नाही.

मग १९७० साली अमेरिकेत स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला. १९७५ च्या नव्या गाड्यांतून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ९० टक्क्यांनी कमी झाले पाहिजेत, असे बंधन आले. असे तंत्र तेव्हा बाजारात तयार नव्हते. मोठ्या मोटार कंपन्यांनी हे अशक्य असल्याचा धोशा लावला. पण मोटारसायकलींसाठी ओळखल्या जाणाऱ्या जपानच्या होंडाने इंजिनाची रचनाच बदलली. १९७२ च्या अखेरीस त्या इंजिनाने अमेरिकी सरकारच्या चाचणीत १९७५ ची मर्यादा पाळून दाखवली. 'अशक्य' या शब्दाचा अर्थ तेव्हा उघडा पडला. अशक्य म्हणजे 'आम्हाला नको' एवढेच!

दुसरीकडे कॉर्निंग या काच बनवणाऱ्या कंपनीने मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेला सिरॅमिकचा ठोकळा बनवला. त्यावर प्लॅटिनमसारख्या धातूचा थर दिला की धुरातील विषारी वायूंचे रूपांतर होते. हाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. कायद्याची मुदत कंपन्यांनी पुढे ढकलून घेतली, तरी १९७५ च्या बहुतेक नव्या अमेरिकी गाड्यांत तो बसला. शिशाने प्लॅटिनम निकामी होते, म्हणून शिसेविरहित पेट्रोल पंपावर ठेवणे जुलै १९७४ पासून सक्तीचे झाले. एका नियमाने दोन शोधांना वाट दिली.

शिशाची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली. १९८२ पासून रिफायनऱ्यांना शिशाचे हक्क आपसांत विकण्याची मुभा मिळाली. जी लवकर सुधारेल तिला पैसे, जी रेंगाळेल तिला भुर्दंड. १९८५ च्या सरकारी हिशेबात या बंदीचा फायदा खर्चाच्या कित्येक पट निघाला.

हे विष कुणाच्या वाट्याला आले होते? १९७६ ते १९८० च्या आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या गोऱ्या मुलांपैकी २ टक्के मुलांच्या रक्तात धोक्याच्या पातळीवर शिसे होते, काळ्या मुलांत १२.२ टक्के. जुन्या घरांचा रंग हेही त्याचे कारण होते. पण याच काळात पेट्रोलमधले शिसे घटले तसे लोकांच्या रक्तातले सरासरी शिसेही सुमारे ३७ टक्क्यांनी घटले. हवा सर्वांची असते म्हणतात, पण धूर मात्र वस्ती बघून राहतो. भारतात शिशाचे पेट्रोल २००० साली बंद झाले, जगातून २०२१ मध्ये.

मायकेल पोर्टर यांनी १९९१ मध्ये मांडले की नीट आखलेला कडक नियम उद्योगाला नवे शोध लावायला भाग पाडतो. हे प्रत्येक नियमाला लागू पडत नाही; ढिसाळ नियम फक्त लाच वाढवतो. पण त्याआधी, १९३२ मध्येच, जॉन हिक्स यांनी मूळ गोष्ट सांगितली होती: जे महाग होते ते वाचवणारा शोध लागतो.

आता हेच सूत्र आपल्या गटारांना लावा. मॅनहोल साफ करणारी जेटिंग आणि सक्शन मशीन आहेत, केरळच्या तरुणांनी रोबोटही बनवला. मग माणूस अजून आत का उतरतो? कारण जातीने त्याचा जीव स्वस्त ठेवला आहे. २०१३ च्या कायद्याने असे उतरवणे गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख केली. पण ठेकेदार आणि अधिकारी यांना तो खर्च आणि तुरुंग खरोखर भोगावा लागत नाही, तोवर मशीन गोदामातच राहणार.

म्हणून मित्रांनो, 'तंत्रज्ञान आले की प्रश्न सुटेल' या भ्रमात राहू नका. तंत्रज्ञान आपोआप येत नाही, ते आणावे लागते. आपल्या नगरपालिकेत किती मशीन आहेत, किती चालू आहेत, ठेक्यात मशीनची अट आहे का, हे माहिती अधिकारात विचारा. कुणी 'अशक्य' म्हणाले, तर त्याला शिशाच्या पेट्रोलचा हा इतिहास ऐकवा.

जय भीम!