गिधाडं कुठं गेली?

आज एका औषधाच्या बाटलीचा इतिहास बघू.

आपल्या तुमसर भागातल्या पन्नाशीपुढच्या बायांना आठवत असेल, गावाबाहेर ढोर टाकलं की आभाळातून गिधाडं उतरायची. थोड्या वेळात नुसता सांगाडा उरायचा. तेव्हा आपण नाकाला पदर लावायचो. आता मढं कुजत पडतं, त्यावर कुत्री जमतात आणि लेकरांना एकटं पाठवायची भीती वाटते.

1992 ते 2007 या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक एवढीच उरली. कुणी म्हणे रोग आला, कुणी म्हणे झाडं तोडली. उलगडा 2004 साली झाला. पाकिस्तानात मेलेली गिधाडं तपासली, तर त्यांच्यात डायक्लोफेनॅक निघालं. गुडघेदुखीवर आपण घेतो तेच! स्वस्त झालं तसं ते गोठ्यातही टोचू लागले. सुई दिल्यावर ढोर एकदोन दिवसांत दगावलं तर औषध मांसात राहतं, आणि ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. असं मढं शंभरात एकही नसेल, तरी एका मढ्यावर अख्खा थवा बसतो. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते.

2006 साली सरकारनं जनावरांसाठी हे औषध बंद केलं. पण माणसांच्या नावाची मोठी बाटली गोठ्यात येतच राहिली. आपल्यालाही काय ठाऊक, ढोराला आराम पडला की झालं. म्हणून 2015 साली इंजेक्शनाची बाटली 3 मिलीची केली. एका बैलासाठी अशा चार-पाच फोडाव्या लागतात, ते परवडत नाही. कायद्यापेक्षा ही युक्ती आम्हाला जास्त पटली. 2023 साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झालं. मेलोक्सिकॅम मात्र गिधाडांना बाधत नाही असं तपासून ठरलं आहे.

2024 साली हरियाणातल्या पिंजोरहून गिधाडं पेंच आणि ताडोब्यात आणली. पेंच आपल्यापासून लांब नाही, आणि गिधाड एका दिवसात कुठल्या कुठं जातं.

तेव्हा जनावराला सुई देताना डॉक्टरांना औषधाचं नाव विचारा, मेलोक्सिकॅम चालेल का तेही विचारा. सुई दिलेलं ढोर दगावलं तर उघड्यावर टाकू नका, खोल खड्ड्यात पुरा. उरलेली बाटली आणि सुई उकिरड्यात किंवा वैनगंगेत टाकू नका. झाकणाच्या डब्यात लेकरांपासून दूर ठेवा आणि पुढच्या खेपेला जनावरांच्या दवाखान्यात दाखवा.