मागच्या चाकाची खाच : सायकलच्या इतिहासातले काही सेंटिमीटर

१/१२
बीएमएक्स सायकलचे मागचे चाक काढले की फ्रेमच्या टोकांशी दोन आडव्या खाचा दिसतात. चाकाचा ॲक्सल त्यांत काही सेंटिमीटर मागेपुढे सरकतो. अशाच खाचेच्या आधारे एकेकाळी टूर द फ्रान्स जिंकली गेली. पुढे शर्यतीच्या सायकलींनी तिला निरोप दिला आणि मुलांच्या एका खेळाने तिला जपले. तिची ही कथा. #थ्रेड

२/१२
उंच चाकाच्या जुन्या सायकलीत पॅडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असे; साखळी नव्हतीच. मूळचे स्विस असलेले हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टर येथे रोलर साखळीचे पेटंट घेतले. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी आणि मागचे चाक साखळीने फिरणारे.

३/१२
साखळीबरोबर एक नवा प्रश्नही आला. वापराने साखळी लांबते. लोखंड ताणले जाते असे वाटते. प्रत्यक्षात दुव्यांचे सांधे झिजतात आणि प्रत्येक सांध्यातील सूक्ष्म फट मिळून लांबी वाढते. ढिली साखळी दात्यांवरून उतरते. उपाय सरळ होता : नट सैल करा, चाक मागे ओढा, नट पुन्हा आवळा. त्यासाठीच ही खाच.

४/१२
यामागे एक गणित आहे. सायकलच्या साखळीचा प्रत्येक दुवा अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा असतो. आतला आणि बाहेरचा दुवा आलटून पालटून येत असल्याने साखळी कमी करायची तर दुव्यांची जोडी, म्हणजे एक इंच काढावा लागतो. साखळी वरून आणि खालून अशी दोनदा जाते. म्हणून चाक साधारण अर्धा इंचच पुढे सरकते.

५/१२
हीच खाच गिअरचेही काम करू लागली. शर्यतीच्या सायकलींत मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे बसवत. घाट आला की स्वार उतरे, चाक काढून उलटे बसवी. मोठे चक्र अधिक साखळी घेते, म्हणून चाक खाचेत पुढे. लहान चक्राला चाक मागे. साखळी तीच, जागा बदललेली.

६/१२
टूर द फ्रान्सचे संस्थापक-संचालक आंरी देग्रांज गिअर बदलणाऱ्या यंत्रांच्या विरोधात होते. विजय स्नायूंचा असावा, यंत्राचा नव्हे, ही त्यांची धारणा. १९३६ मध्ये त्यांनी सूत्रे सोडली आणि १९३७ मध्ये स्पर्धकांना डिरेलर वापरण्याची मुभा मिळाली. तोवर आल्प्सच्या घाटांतही चाक उलटवणे चालूच होते.

७/१२
इटलीच्या तुल्लिओ कांपान्योलो यांनी खाचेलाच यंत्र बनवले : ‘कांबिओ कोर्सा’. चालत्या सायकलवर स्वार मागे हात नेऊन एका दांड्याने चाकाची पकड सैल करी, उलटे पॅडल मारत दुसऱ्या दांड्याने साखळी वेगळ्या चक्रावर नेई आणि चाक दातेरी खाचेत आपली जागा घेई. मग पकड पुन्हा घट्ट. क्षणभर मागचे चाक अक्षरशः मोकळे असे!

८/१२
याच यंत्रावर जीनो बार्ताली यांनी १९४८ ची टूर जिंकली. त्यांचा पहिला विजय १९३८ चा. मधली दहा वर्षे महायुद्धाने आणि त्याच्या सावलीने गिळलेली. दुसऱ्या विजयाच्या वेळी ते ३४ वर्षांचे होते.

९/१२
त्यानंतर मात्र साखळीचा ढिलेपणा स्वतः सांभाळणारे, स्प्रिंगच्या हाताचे डिरेलरच सर्वत्र रूढ झाले. चाक हलवण्याची गरज उरली नाही. शर्यतीच्या सायकलींतील खाच आखूड होत गेली. एका गतीच्या साध्या सायकलींत, अगदी आपल्याकडच्या काळ्या रोडस्टरमध्येही, ती टिकली.

१०/१२
१९६३ मध्ये अमेरिकेत श्विन कंपनीची २० इंची चाकांची ‘स्टिंग-रे’ आली. सत्तरच्या दशकारंभी दक्षिण कॅलिफोर्नियातील मुले अशा सायकली मातीच्या वाटांवर पिटाळू लागली. आदर्श होता मोटोक्रॉस. १९७१ च्या ‘ऑन एनी संडे’ या माहितीपटाने ते दृश्य देशभर नेले. उड्या आणि आपटण्यात नाजूक डिरेलर टिकणार कसा? बीएमएक्सने एकच गिअर आणि खाच स्वीकारली.

११/१२
येथे खाचेला नवा अर्थ मिळाला. चाक पुढे घेतले की सायकल आखूड होते आणि पुढचे चाक सहज उचलता येते. मागे घेतले की ती वेगात स्थिर राहते. कसरती करणारे पहिले पसंत करतात. चाक हवे तेथे बसावे म्हणून अर्धा दुवा वापरतात. त्याने चाक पाव इंचाच्या टप्प्याने सरकते. कसरतीच्या सायकलींत ४४/१६ दात्यांच्या जागी २५/९ आले : गुणोत्तर जवळजवळ तेच, पण कठड्यावर घासणारे पुढचे चक्र लहान.

१२/१२
२००८ मध्ये बीजिंगला बीएमएक्स शर्यत ऑलिंपिकमध्ये आली. तंत्रज्ञानाचा इतिहास आपण बहुधा शिडीसारखा वाचतो : नवे आले, जुने गेले. ही खाच वेगळे सांगते. एखादे साधन मागे पडते ते विशिष्ट कामासाठी. काम बदलले की तेच पुन्हा योग्य ठरते. आणि या वेळी काम बदलले ते कारखान्यातल्या अभियंत्यांनी नव्हे, मातीत खेळणाऱ्या मुलांनी.

#सायकलचा_इतिहास #मराठी