विश्लेषण : ‘युएफा युथ लीग’च्या बाद फेरीत बड्या क्लबांची दाणादाण का उडते?

२०२३च्या वसंतात नेदरलँड्समधल्या आल्कमार या शहरातल्या एझेड क्लबच्या मुलांनी आधी बार्सिलोनाला ३-० असं हरवलं. पुढच्याच फेरीत रेआल माद्रिदला ४-०. आणि २४ एप्रिलला जिनिव्हात झालेल्या अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या हायडुक स्प्लिटला ५-०. एझेडच्या सीनियर संघाने २००९-१०च्या मोसमानंतर तोवर चॅम्पियन्स लीगच्या मुख्य स्पर्धेत एकही सामना खेळलेला नव्हता. मात्र युरोपातल्या क्लबांच्या १९ वर्षांखालील मुलांचं विजेतेपद त्यांच्याकडे आलं.

सीनियर फुटबॉलमध्ये असं सहसा घडत नाही. तिथे शेवटच्या चारमध्ये वर्षानुवर्षं तीच ती नावं दिसतात. मग मुलांच्या स्पर्धेत चित्र वेगळं का? त्याचं उत्तर बरंचसं बाद फेरीच्या नियमांत आहे. थोडं मोठ्या क्लबांच्या वागण्यातही आहे.

काय आहे ही स्पर्धा?

युएफा, म्हणजे युरोपीय फुटबॉलची शिखर संघटना, २०१३-१४च्या मोसमापासून ही स्पर्धा घेते. क्रिकेटमधला १९ वर्षांखालील विश्वचषक आपल्याला माहीत आहे. इथेही वयाची अट तीच, फक्त देशांऐवजी क्लबांचे युवा संघ भिडतात. वयाची मर्यादा किंचित ओलांडलेल्या मोजक्या खेळाडूंना काही अटींवर सवलत असते. विजेत्याला मिळणाऱ्या करंडकाला युएफाचे माजी अध्यक्ष लेनार्ट योहान्सन यांचं नाव दिलेलं आहे.

पहिली दोन वर्षं नियम सोपा होता. ज्या क्लबचा सीनियर संघ चॅम्पियन्स लीगच्या गटात, त्याचाच युवा संघ युथ लीगमध्ये. म्हणजे एखाद्या क्लबची अकादमी कितीही चांगली असली, तरी सीनियर संघ पात्र ठरला नाही तर मुलांनाही दार बंद. मोठ्यांच्या अपयशाची शिक्षा धाकट्यांना!

२०१५-१६पासून दुसरं दार उघडलं. आपापल्या देशातली युवा स्पर्धा जिंकणाऱ्या संघांसाठी वेगळा मार्ग तयार झाला. या संघांना शरद ऋतूत आपसात घरच्या आणि परक्या मैदानावर अशा दुहेरी लढती खेळाव्या लागतात. त्यातून टिकतील ते बाद फेरीत चॅम्पियन्स लीगवाल्या क्लबांसमोर उभे राहतात. एझेड आणि हायडुक दोघेही याच दाराने आत आले होते. २०२३चा अंतिम सामना हा या मार्गाने आलेल्या दोन संघांमधला पहिलाच अंतिम सामना ठरला.

बाद फेरीपर्यंत कोण पोहोचतं?

सीनियर चॅम्पियन्स लीगचं स्वरूप २०२४-२५मध्ये बदललं, त्याबरोबर युथ लीगचंही. आता चॅम्पियन्स लीगमधल्या ३६ क्लबांचे युवा संघ साखळीत प्रत्येकी ६ सामने खेळतात, ३ घरी आणि ३ बाहेर. प्रतिस्पर्धी सीनियर संघाचेच असतात. त्यामुळे मोठे रात्री ज्या क्लबशी खेळणार, त्याच क्लबच्या मुलांशी धाकटे बहुतेकदा दुपारी खेळून मोकळे होतात.

साखळीतले पहिले २२ पुढे जातात. देशांतर्गत मार्गातून १० संघ येतात. अशा ३२ संघांची बाद फेरी सुरू होते. त्यानंतर अंतिम १६, उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम अशा पायऱ्या.

एकच सामना, थेट पेनल्टी

इथून नियम सीनियर स्पर्धेपासून फारकत घेतात. मोठ्यांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये अंतिम सामना वगळता बाद फेरीतली प्रत्येक लढत दोन सामन्यांची असते. पहिल्या सामन्यात गडबड झाली तर दुसऱ्यात भरपाई करता येते. युथ लीगमध्ये मात्र एकाच सामन्यात निकाल लागतो.

९० मिनिटांनंतर बरोबरी असेल तर अतिरिक्त वेळही नाही, थेट पेनल्टी शूटआउट. यामागचा विचार समजण्यासारखा आहे. उपांत्य आणि अंतिम सामने साधारणपणे शुक्रवार आणि सोमवार असे चार दिवसांतच होतात. १७-१८ वर्षांच्या मुलांना त्यात आणखी अर्धा-अर्धा तास पळवणं कुणालाच परवडणारं नाही.

पण या नियमाचा दुसरा परिणाम असा, की दुबळ्या संघाला फक्त ९० मिनिटं तग धरायची असते. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात. ताकदवान संघाचं वरचढपण धावफलकावर उमटायला वेळ लागतो, आणि इथे नेमका तोच वेळ कमी केलेला आहे. दोन सामने आणि अतिरिक्त वेळ मिळून जास्तीत जास्त २१० मिनिटं खेळ होऊ शकतो. इथे निम्म्याहूनही कमी. मग बरोबरी झाली की गोलरक्षक आणि नशीब!

उदाहरणं भरपूर आहेत. एझेडने उपांत्य सामन्यात स्पोर्टिंगला २-२ बरोबरीनंतर शूटआउटमध्ये हरवलं. त्याच वर्षी हायडुकने मँचेस्टर सिटीला २-१ असं घरी पाठवलं आणि बोरुसिया डॉर्टमुंडला पेनल्टीवर बाद केलं. २०२४चा विजेता ऑलिम्पियाकोसही उपांत्य फेरीत फ्रान्सच्या नाँतशी गोलशून्य बरोबरीत अडकला होता आणि पेनल्टीवरच सुटला.

घरचं मैदान कुणाचं?

याचाही हिशोब छोट्यांच्या बाजूने जातो. देशांतर्गत मार्गाने आलेल्या संघाला ३२च्या फेरीत घरच्या मैदानावर खेळायला मिळतं. म्हणजे साखळीत सहा-सहा सामने खेळून आलेल्या नावाजलेल्या क्लबला फेब्रुवारीच्या थंडीत विमान पकडून अनोळखी गावी जावं लागतं. अंतिम १६ आणि उपांत्यपूर्व फेरीत यजमान कोण हे सोडत ठरवते.

याचा सर्वांत जोरदार फायदा २०२५मध्ये तुर्कस्तानच्या त्राबझोनस्पोरने उठवला. काळ्या समुद्राच्या काठावरचं त्राबझोन हे फुटबॉलवेडं शहर आहे. तिथल्या मुलांनी एकापाठोपाठ एक युव्हेंटस, अटालांटा आणि इंटर मिलान हे तीन इटालियन क्लब बाद केले. इंटरविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्याला ४० हजारांच्या आसपास प्रेक्षक होते. १९ वर्षांखालील सामन्याला! एरवी युवा सामन्यांना प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे आईवडील, काही एजंट आणि इतर क्लबांचे निरीक्षक. त्यामुळे इंटरच्या मुलांसाठी तो आवाज किती नवा असेल याची कल्पना करता येते.

शेवटचे चार मात्र एकाच ठिकाणी खेळतात. बहुतेक वर्षं हे ठिकाण स्वित्झर्लंडमधल्या न्यों या गावातलं कोलोव्हरे मैदान राहिलं आहे. ते युएफाच्या मुख्यालयासमोरच, रस्त्यापलीकडे आहे. २०२३मध्ये सामने जिनिव्हातल्या मोठ्या स्टेडियमवर झाले, आणि हायडुकचे हजारो समर्थक तिथे लोटले. त्यांना पाच गोल खाताना पाहावं लागलं, ही गोष्ट वेगळी.

मोठे क्लब आपली सर्वोत्तम मुलं उतरवतच नाहीत

नियमांइतकंच हे कारण महत्त्वाचं, आणि समाजमाध्यमांवरच्या ‘बार्सिलोना हरली’ छाप पोस्टमध्ये नेमकं तेच सुटतं. मोठ्या क्लबची खरोखर असामान्य मुलं १७व्या-१८व्या वर्षी युवा संघात उरतच नाहीत.

२०२५चंच पाहा. २८ एप्रिलला बार्सिलोनाच्या युवा संघाने त्राबझोनस्पोरला ४-१ असं हरवून तिसऱ्यांदा युथ लीग जिंकली. तीनदा जिंकणारा तो पहिलाच क्लब. लामिन यमाल तेव्हा १७ वर्षांचा होता, म्हणजे वयाने या स्पर्धेत सहज बसणारा. पण तो त्या अंतिम सामन्यात नव्हता. दोनच दिवसांनी, ३० एप्रिलला, तो चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात इंटरविरुद्ध मोठ्यांबरोबर खेळला आणि गोलही केला. ती लढत ३-३ अशी सुटली.

त्या वर्षी यमालशिवायही बार्सिलोनाचं निभावलं. दरवेळी तसं होत नाही. मोठ्या क्लबसाठी युथ लीग हा मुलांना घडवण्याचा एक टप्पा असतो. सीनियर संघात कुणी जखमी झालं की युवा संघातला चांगला खेळाडू वर उचलला जातो, मग बाद फेरीचा सामना असो वा नसो. छोट्या क्लबसाठी हीच स्पर्धा वर्षातली सर्वांत मोठी गोष्ट असते आणि ते हाताशी असलेले सगळे पत्ते टाकतात. शिवाय त्यांची मुलं अनेकदा लहानपणापासून एकत्र वाढलेली असतात. मोठ्या क्लबांत मात्र दर उन्हाळ्यात बाहेरून नवी भरती होते.

रेड बुल साल्झबर्गने २०१७मध्ये हे पहिल्यांदा सिद्ध केलं. देशांतर्गत मार्गाने आलेला तो पहिला विजेता. त्यांनी मँचेस्टर सिटीला पेनल्टीवर, पॅरिस सेंट-जर्मेनला ५-०, मग अॅटलेटिको माद्रिद आणि बार्सिलोनाला बाद केलं. अंतिम सामन्यात बेन्फिकाविरुद्ध पिछाडीवर असताना झांबियाच्या पॅटसन डाकाने बरोबरी साधली आणि काही मिनिटांतच विजयी गोलही आला. संघाचे प्रशिक्षक मार्को रोझ यांना त्याच उन्हाळ्यात क्लबने सीनियर संघ दिला. वर्षभराने तो संघ युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत होता.

ग्रीसमध्ये घडलं ते आणखी नाट्यमय. २२ एप्रिल २०२४ला ऑलिम्पियाकोसच्या मुलांनी एसी मिलानला ३-० असं हरवलं. युएफाची कोणतीही क्लब स्पर्धा जिंकणारा तो पहिला ग्रीक संघ. देशभर जल्लोष ओसरतो न ओसरतो तोच, महिनाभराने त्यांच्या सीनियर संघाने अथेन्समध्ये कॉन्फरन्स लीग जिंकली. म्हणजे धाकट्यांनी आधी वाट दाखवली!

हुकलेलं वर्ष

अशा स्पर्धेत ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्याला फारसा अर्थ नसतो. क्लबला पुढचं वर्ष असतं, मुलाचं वय मात्र निघून जातं.

कोविडमुळे २०१९-२०च्या मोसमाचे उरलेले सामने ऑगस्ट २०२०मध्ये न्योंमध्ये, प्रेक्षकांविना उरकले. प्रशिक्षक राऊल यांच्या रेआल माद्रिदने बेन्फिकाला ३-२ असं हरवलं. पुढच्या मोसमासाठी युएफाने साखळी काढून टाकून सुरुवातीपासूनच एकेका सामन्याची बाद फेरी ठेवायचं ठरवलं. तीही आधी पुढे ढकलली आणि फेब्रुवारी २०२१मध्ये रद्दच केली. त्या वयोगटातल्या शेकडो मुलांची शेवटची संधी एकही सामना न खेळता गेली.

बेन्फिकाला मात्र क्लब म्हणून वाट पाहता आली. २०१४, २०१७ आणि २०२० असे तीन अंतिम सामने हरल्यावर २०२२मध्ये त्यांनी साल्झबर्गला ६-० असं धुतलं. आघाडीपटू एन्रिके आराउजोने हॅटट्रिक केली. आधीच्या तीन पराभवांतली बहुतेक मुलं तोवर वयाबाहेर गेलेली होती.

जिंकल्यावर पुढे काय?

काहींची वाट सरळ वर जाते. २०१९मध्ये चेल्सीला ३-१ असं हरवणाऱ्या पोर्तोच्या चमूत गोलरक्षक दिओगो कोस्टा आणि मध्यरक्षक विटिन्या होते. कोस्टा पोर्तुगालचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक झाला, तर विटिन्याने २०२५मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनकडून चॅम्पियन्स लीग जिंकली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८मध्ये, हाच पोर्तो क्लब चेल्सीकडूनच उपांत्य फेरीत पेनल्टीवर हरला होता.

सगळ्यांचं असं होत नाही. पहिल्या मोसमाचा नायक होता बार्सिलोनाचा मुनीर एल हद्दादी. ११ गोल करून तो स्पर्धेत अव्वल ठरला. बेन्फिकाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने दोन गोल केले आणि त्यातला एक जवळजवळ मैदानाच्या मध्यरेषेवरून मारलेला होता. काही महिन्यांतच तो बार्सिलोनाच्या सीनियर संघात आणि सप्टेंबर २०१४मध्ये स्पेनच्या राष्ट्रीय संघातही आला. पण स्पेनसाठी खेळलेली ती काही मिनिटंच त्याच्या पायातली बेडी ठरली. स्पेनने पुन्हा बोलावलं नाही, आणि मोरोक्कोकडून खेळायला नियम आडवा आला. नियम सैल झाल्यावर २०२१मध्ये कुठे त्याला मोरोक्कोची जर्सी घालता आली.

आणि इझी ब्राऊन. २०१५च्या अंतिम सामन्यात चेल्सीने शाख्तार दोनेत्स्कला ३-२ असं हरवलं, त्यात दोन गोल त्याचे होते. तिसरा डॉमिनिक सोलंकीचा. सोलंकी पुढे इंग्लंडकडून खेळला आणि २०२५मध्ये टॉटनहॅमबरोबर त्याने युरोपा लीग जिंकली. ब्राऊन एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे उसनवारीवर फिरत राहिला, दुखापतींनी पिच्छा सोडला नाही. जानेवारी २०२३मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली.